सोळा पानी

गजभिये हसायचा आमच्या थंडीला.
"सोळा डिग्री झाले की तुमी माकडटोप्या काढता
न् फोटो पण काढता," म्हणायचा.
तो परतवाड्याचा. वर चिखलदऱ्याला
सीटवरचं दव नखानं खरवडलंय, अशा त्याच्या थापा.

पण मरोळचा छापखाना पहाटे चारला सुटायचा
आणि आरेत शिरलं की
जिथे रस्त्याचे दिवे संपतात
तिथेच शहराचं अंथरूणही संपतं.
साठच्या वेगाला सोळाचे सहा होतात.
त्यालाही ठाऊक होतं ते.
म्हणून तर एकदा, शाई न वाळलेला अंक
त्याने मशीनवरून उचलला,
माझी चेन खाली ओढली
आणि शर्ट-बनियनच्या मध्ये सारला.
"ठेव बे. हवा वाचत बसते, अंदर नाही येत."

नियम होते त्याचे.
अग्रलेख छातीवर नको, त्यात दम नसतो.
छोट्या जाहिराती उत्तम: बारीक टाइप, गच्च वस्ती,
सगळे एकमेकांना चिकटून.
पोटावर राशिभविष्य. गुडघ्यांना क्रीडा.
निधनवार्ता? मी विचारलं.
त्याने तंबाखू मळता मळता थांबून विचार केला.
"पाठीवर. मागून सांभाळतीन."

तर असा मी, अंगभर छापलेला,
हातांत पायमोजे, वरून दुधाच्या पिशव्या,
आरेतून दिंडोशीला.
तबेल्यापाशी दहा-वीस फूट रस्ता कोमट असायचा:
म्हशींचे श्वास, शेण, भिजलेली पेंड,
कुणी दार उघडून लगेच लावून घ्यावं तसं.
मी तिथे गिअर उतरवायचो. मुद्दाम.
एकदा वळणावर दोन डोळे चमकले.
कुत्रा असेल. नसेलही.
पोटावरचं भविष्य म्हणत होतं, प्रवासात लाभ.

घरी हेमांगी डब्याच्या गडबडीत.
मी शर्ट काढला की तव्यावरची पोळी तशीच ठेवून
ती बनियनवरची उलटी अक्षरं लावायची:
हवेत... त्वरित... वॉचमन... राहण्याची सोय.
एकदा बरगडीवर वन बीएचके उमटला, कांदिवली पूर्व.
"घेऊ या का?" म्हणाली,
आणि पिठाचं बोट ठेवलं पत्त्यावर.
बोट थंड होतं. मी काही बोललो नाही.

मग अंक बारीक होत गेला.
सोळाची बारा पानं, बाराची आठ,
रविवारची पुरवणी कधी गेली कळलंही नाही.
आम्ही दोन अंक घालू लागलो, मग तीन.
ऊब तेवढीच, वजन तेवढंच,
बातमी मात्र तीच तीच.

जानेवारीतल्या एका रात्री मशीन सुरूच झालं नाही.
वरून साहेब आले, खाली बघत बोलले, गेले.
गजभिये कोऱ्या कागदाची घडी करून
शर्टात कोंबत होता.
कोरा चालतो का रे?
"चालते. पण हवेले वाचाले काही नाही ना राहत.
सरळ अंदर येते."

तो गेला गावाला. फोन लागतो कधी कधी.
मी पार्सलं पोचवतो आता. तीच गाडी, तीच पहाट,
टायर तेवढे नवे.
गोदामात फुग्याफुग्यांचं प्लास्टिक
ढिगाने पडलेलं असतं, ते गुंडाळतो.
खोटं कशाला बोलू, पेपरपेक्षा ऊब जास्त आहे.
फक्त जोरात ब्रेक लावला
की छातीपाशी टप्पदिशी काहीतरी फुटतं
आणि शेजारचा रिक्षावाला वळून बघतो.

हेमांगी कपडे भिजवते, न बघता.
काल मात्र थांबली,
बनियन खिडकीच्या उजेडाकडे धरलं,
पुढून बघितलं, उलटं करून बघितलं.
"किती पांढरं राहतं हल्ली हे," म्हणाली,
"साबण वाचतो."